भरतेश मगदूमची मरणं

शेटेसाहेबांच्या ऑफिसात कोणी प्रोग्रॅमची एक ओळ जरी बदलली, तरी भरतेश मगदूम मरत असे.

मरण साधंच असायचं. तो यायचा, नाव-गाव सांगायचा, त्याला खाट मिळायची, सलाईन लागायचं, दोन-चार तपासण्या व्हायच्या आणि शेवटी डॉक्टरांची सही होऊन त्याच्या मृत्यूचा दाखला छापून निघायचा. कपातला चहा कोमट होईपर्यंत सगळं आटपलेलं असे. मग पडद्यावर हिरवा ठिपका उमटायचा आणि खोलीतली माणसं खुर्च्या मागे सरकवून आळोखेपिळोखे द्यायची. हिरवा म्हणजे सगळं ठीक. भरतेश व्यवस्थित मेला.

मिरजेत दवाखान्यांना तोटा नाही, आणि दवाखान्यांच्या आडोशाने पोट भरणाऱ्यांनाही नाही. निशिकांत शेटे त्यांतले एक. औषधांच्या ठोक दुकानाच्या डोक्यावर त्यांचं ऑफिस होतं आणि 'दवादप्तर' नावाचा प्रोग्रॅम ते दवाखान्यांना विकत. काउंटरवरच्या कॉम्प्युटरसमोर रुग्ण बसला की दवादप्तर त्याच्याशी मराठीत बोलणार, काय होतंय ते विचारणार, कारकुनाला नोंद करायला मदत करणार, आणि दाखल होण्यापासून घरी जाण्यापर्यंतचा किंवा न जाण्यापर्यंतचा सगळा प्रवास सांभाळणार.

असा प्रोग्रॅम तपासायचा कसा, हा प्रश्न होता. पूर्वी सुटे भाग तपासत. चाक फिरतं का, ब्रेक लागतो का. पण सुटे भाग शहाणे असले म्हणून गाडी शहाणी निघतेच असं नाही, हे शेटेसाहेबांना चांगली गिऱ्हाइकं गमावून कळलं. म्हणून आता कोणीही काही बदललं, की मशीन आपोआप अख्खा प्रोग्रॅम गिऱ्हाइकाकडे जायचा तसा बांधून काढायचं. पडदे, अक्षरं, आवाज, पोटात दडलेले छोटे मदतनीस प्रोग्रॅम, सगळ्यांचं एक बोचकं. मग त्याच मशीनच्या पोटात एक खोटा कॉम्प्युटर तयार व्हायचा. त्याला ऑफिसात 'पेटी' म्हणत. पेटीत ते बोचकं उघडलं जायचं, समोर एक खोटा कारकून आणि एक खोटा रुग्ण बसायचा, आणि खेळ सुरू. खेळ संपला की पेटी पुसून टाकायची. पुढच्या वेळी नवी पेटी, नवा कारकून, नवा रुग्ण. बाहेरचं आत येत नाही, आतलं बाहेर जात नाही, आणि कालचं आज कोणाला आठवत नाही. माणसांना ही सोय असती तर बरीच लग्नं टिकली असती, असं मुजम्मिल म्हणायचा.

मुजम्मिल शिकलगार हा त्या मशीनचा राखणदार. त्याच्या घरात सात पिढ्या सतारी करायच्या. तो तारा सोडून वायरींकडे वळला होता आणि वडील अजून त्याला पाहुण्यांसमोर 'आमचा इलेक्ट्रिशियन' म्हणत.

खोटा कारकून तयार करणं सोपं गेलं. तीन जिल्ह्यांतल्या दवाखान्यांत नोंदणीवाले कसे काम करतात, कुठे थांबतात, कुठे कंटाळतात, कुठे आपल्या मनाने ठोकून देतात, याचं चित्रण करून त्यातून एक सरासरी कारकून बनवला होता. अडचण आली ती रुग्णाची. त्याला नाव पाहिजे, आवाज पाहिजे, बोलायची लकब पाहिजे. आणि त्याने मेलं पाहिजे, कारण प्रोग्रॅमच्या सगळ्या खोल्यांतून जाणारा सगळ्यात लांबचा रस्ता तोच.

नाव द्यायला कोणी तयार होईना.

"माझं नको," मुजम्मिल म्हणाला. "अम्मीला कळलं तर ती इथं येऊन मला चपलेनं हाणेल. दिवसातनं इतक्यांदा मरायचं म्हणजे काय चेष्टा आहे?"

"साहेब, तुमचं घालू?" कोणीतरी विचारलं.

"माझा विमा चालू आहे," शेटेसाहेब गंभीरपणे म्हणाले. "उगीच घोळ नको."

कुठलंही बनावट नाव काढलं की ते कोणाच्या तरी मामाचं किंवा साडूचं निघे. कॉम्प्युटर शिकलेली ही मंडळी. पण जिवंत माणसाचं नाव घेऊन त्याला रोज मारायला एकाचंही बोट पुढे होईना.

"मग मेलेल्याचंच घाला ना एखाद्या," मुजम्मिल म्हणाला. "त्याला काय फरक पडतो?"

पद्मजा मगदूम पडद्यावरून नजर न हलवता म्हणाली, "भरतेश मगदूम घाल. माझा भाऊ."

मुजम्मिलने तिच्याकडे पाहिलं. "ताई, त्याचा काही पत्ता लागला का?"

"नाही. म्हणूनच घाल."

पद्मजा या चाचण्यांची प्रमुख होती आणि माणसांचे जमाखर्च मनात चोख ठेवायची तिला सवय होती. कोणी किती केलं, कोणी किती विसरलं, सगळं रकान्यात बसलं पाहिजे. भरतेश तेवढा बसत नव्हता. चार वर्षांपूर्वी एका सकाळी तो स्कूटर दुरुस्तीला टाकून येतो म्हणून गेला. स्कूटर गॅरेजात सापडली. संध्याकाळी मेसेज आला: 'मी ठीक आहे. मला शोधू नका.' त्यानंतर फोन बंद. भांडण नाही, कर्ज नाही, प्रेमप्रकरण असलंच तर कोणाला माहीत नाही. वडील गेल्यावर त्याने घरात बोलणं कमी केलं होतं, इतकंच. आणि कमी बोलणाऱ्या माणसाकडे घरात कोणी फारसं लक्ष देत नाही. जिवंत असून फोन न करणारा भाऊ कुठल्या रकान्यात लिहायचा? मेलेल्याची निदान जागा ठरलेली असते. पद्मजाने त्याला मनातल्या मनात तिथे नेऊन ठेवलं होतं. आई मात्र ती बाकी दरवर्षी पुढे ओढत होती. दारावरची बेल वाजली की हात पुसत आधी तीच उठे.

पद्मजाने भरतेशचे जुने व्हॉइस मेसेज मशीनला दिले. आजारही दिला: हृदयाची झडप. वडिलांना तोच होता, त्यामुळे लक्षणं तोंडपाठ. जन्मतारीख देताना मात्र तिने काळजी घेतली. भरतेशचा जन्म शिरढोणच्या घरी झाला, अनंत चतुर्दशीला. पंचांगावरून निघणारी ती खरी तारीख कुठल्याच कागदावर नव्हती. ती तारीख आई आणि तिच्याशिवाय कोणाला ठाऊक नव्हती. तीच तिने दिली. उद्या काही चुकलं तरी खऱ्या भरतेशशी धागा जुळायला नको.

दिवाळीच्या सुमारास चाचण्या सुरू झाल्या, आणि पहिल्याच दिवशी पद्मजाने कानाला लावलेला हेडफोन काढून ठेवला. मग परत लावला.

"नाव सांगा," दवादप्तर विचारत होतं.

"भरतेश अण्णासाहेब मगदूम."

"काय होतंय?"

"जिना चढला की दम लागतोय बघा. आणि छातीत धडधड. लिफ्ट बसवा की दवाखान्यात, निम्मी माणसं तशीच बरी होतील."

"सोबत कोण आहे?"

"आक्का येणार आहे."

तो दर वेळी थोडं वेगळं बोलायचा. कधी लिफ्टवरून टोमणा, कधी सलाईनवरून. पण सोबतीचं विचारलं की उत्तर ठरलेलं. आक्का येणार आहे. आणि आक्का यायच्या आत दाखला छापून निघायचा, पेटी पुसली जायची.

पद्मजाच्या टेबलावरून हल्ली बदल फार व्हायला लागले. ती प्रोग्रॅमच्या एखाद्या टिपेत स्वल्पविराम घालायची. भरतेश यायचा, आक्काची वाट बघत मरायचा. मग ती तो स्वल्पविराम काढायची. भरतेश परत यायचा. शेटेसाहेबांना वाटे, बाई फार बारकाईने काम करते. मुजम्मिलला सगळं दिसत होतं, पण सतारवाल्याच्या घरात वाढलेल्या माणसाला एकच तार परत परत छेडणाऱ्यांची सवय असते. त्याने ते चालू दिलं.

पावसाळ्याआधीच्या एका उकाड्याच्या दुपारी ठिपका लाल झाला.

मुजम्मिलने त्या दिवशी नवी सोय जोडली होती: रुग्णाची पूर्वीची कुठलीही नोंद असेल तर ती पडद्यावर दाखवायची. पेटीत ती असण्याचा प्रश्नच नव्हता. पेटी नवी, रुग्ण नवा. तरी खोटा कारकून अडून बसला होता आणि त्याच्यासमोर ओळ होती: 'हा रुग्ण मृत आहे. तरीही दाखल करायचा?'

पद्मजाने हेडफोन लावला. गोंधळलेल्या कारकुनाने खऱ्या कारकुनांसारखंच केलं होतं. प्रश्न त्याने रुग्णावर ढकलला होता.

"नोंदीप्रमाणे आपण मृत आहात," दवादप्तर त्याच मायाळू आवाजात विचारत होतं. "हे बरोबर आहे का?"

भरतेशने विचारलं, "असं आक्का म्हणाली का?"

तिने मशीन थांबवलं.

"जुनी काहीतरी घाण राहिली असेल," मुजम्मिल म्हणाला आणि त्याने नवी पेटी काढली. परत तेच. मशीन बंद करून चालू केलं. परत तेच. या वेळी त्याने ती ओळ उलगडून खालचा बारीक मजकूर मोठा केला. 'सध्याचं ठिकाण: गोंदिया. रुग्णालयात दाखल.'

"पेटीत गोंदिया कुठनं आलं?" पद्मजा म्हणाली.

मुजम्मिलने उत्तर द्यायला अर्धा तास घेतला, आणि दिलं तेव्हा तो तिच्याकडे बघत नव्हता.

"ताई, आपण बोचकं उघडतो कसं? गिऱ्हाईक उघडतं तसं. म्हणजे कॉम्प्युटरला सांगतो, 'हे उघड.' तो प्रोग्रॅम उघडतो, पेटीच्या आत. पण बोचक्याच्या पोटात तो ओळख तपासणारा आणि दाखले पुढं पाठवणारा छोटा मदतनीस आहे ना, त्याला प्रोग्रॅम उठवत नाही. कॉम्प्युटर स्वतः उठवतो. आणि तो उठतो पेटीच्या बाहेर. आपण घर बंद केलं, कुलूप लावलं, आणि गडी अंगणातच जन्माला आला."

"अंगणात म्हणजे?"

"म्हणजे खऱ्या जीवनपटाशी बोलतोय."

जीवनपट म्हणजे देशातल्या प्रत्येक माणसाची आरोग्याची नोंद जिथे असते ते सरकारी रजिस्टर. आता रेशन, सिमकार्ड, रेल्वेचा पास, सगळं त्याच्याच खुंटीला टांगलेलं. शेटेसाहेबांनी प्रात्यक्षिकासाठी त्याची खरी चावी मिळवली होती, आणि ती मदतनिसाच्या खिशातच राहिली होती.

"पण जुळलं कसं?" पद्मजाचा आवाज चढला. "मी दिलेली तारीख कुठेच नाही. कुठेच नाही, मुजम्मिल."

त्यांनी नोंदीचा भाग सावकाश चालवून पाहिला, मदतनिसाचा हात बांधून. कारकुनाने जन्मतारीख विचारली. "अनंत चतुर्दशीचा जन्म माझा," भरतेश म्हणाला. "तारीख आईला ठाऊक. थांबा, सांगतो…" कारकून थांबला नाही. थांबण्याची पद्धतच नव्हती. तीन जिल्ह्यांतल्या नोंदणीवाल्यांकडून तो हेच शिकला होता: म्हातारी माणसं, खेड्यातली माणसं, तिथी सांगणारी माणसं, यांच्याशी घोळ घालत बसायचं नाही. त्याने सराईतपणे टाकलं, एक जून.

शाळेत नाव घालताना शिरढोणच्या गुरुजींनीही हेच केलं होतं. निम्म्या वर्गाला त्यांनी एक जूनला जन्माला घातलं होतं. भरतेशच्या प्रत्येक खऱ्या कागदावर एक जून होती.

म्हणजे दिवाळीपासून जितक्यांदा तिने स्वल्पविराम घातला होता आणि काढला होता, तितक्यांदा कुठेतरी एक खरा माणूस मेला होता.

गोंदियातल्या त्या धर्मादाय रुग्णालयाचा नंबर ओळीखालीच होता. फोन दुर्गा बिसेन नावाच्या बाईने उचलला. नोंदणी तिच्याकडे होती.

"हो न मॅडम, आहेत न. मगदूमभाऊ. तुम्ही कुठून बोलून राहिल्या?"

"मिरजेहून."

"त्यांच्या मरणाची नोंद मिरजेहूनच येऊन राहते. तुम्हीच का त्या?"

पद्मजाला खोटं सुचलं नाही. "हो."

दुर्गा बिसेन रागावली नाही. उलट एवढ्या महिन्यांचं कुतूहल फिटल्यासारखी सुटली. "काय त्रास दिला हो तुम्ही त्यांना. राइस मिलमध्ये वजनकाट्यावर असतात ते. भला माणूस. दिवाळीपासून सारखे मरून राहिले. रेशन बंद, फोन बंद. मग इथं येतात, अंगठा देतात, मी जिवंत करून देते. दोन दिवस झाले का परत बंद. चौकातले लोक म्हणतात, काय भाऊ, परत गेले का?"

"ते काय म्हणतात?"

"आधी हसायचे न. आता नाही हसत."

मग तिने खरी अडचण सांगितली. भरतेशची हृदयाची झडप गेली होती. नवी झडप जीवनपटाच्या नंबरावर मिळते, आणि मेलेल्या नंबरावर ती मिळत नाही. नागपूरचे सर्जन आले होते, ते उद्या दुपारपर्यंतच थांबणार. एरवी दुर्गाने अंगठा घेऊन जिवंत केलं असतं. पण इतक्या वेळा मेलेला आणि उठलेला माणूस बघून रजिस्टरलाच संशय आला होता आणि नोंदीला कुलूप लागलं होतं. आता दोनच रस्ते. एक, रक्ताच्या नात्यातल्या कोणी फोनवर ओळख पटवायची आणि रुग्णाने ती मान्य करायची. दोन, ज्यांनी मृत्यू नोंदवला त्यांनी तो खोटा होता असं कारणासहित लिहून द्यायचं.

"तुम्ही कोण त्यांच्या?" दुर्गाने विचारलं.

"बहीण."

"मग सोपंच आहे न," दुर्गा म्हणाली.

शेटेसाहेबांनाही ते सोपंच वाटलं. सगळं ऐकताना त्यांचा चेहरा उतरला होता, आणि ते खरंच वाईट वाटून घेत होते. पण ज्याच्या डोक्यावर पगार असतात त्याचं वाईट वाटणंही एका कोपऱ्यात बेरीज करत असतं.

"देवानेच तुला बहीण केलंय त्याची," ते म्हणाले. "दोन शब्द बोल, तो हो म्हणेल, प्रश्न मिटला. आपण आतून दुरुस्ती करू. दुसऱ्या रस्त्याने गेलो तर चावी जाईल, पद्मजा. चावी गेली की दवादप्तर गेलं. इथं बसलेल्या प्रत्येकाच्या घरात तुला सांगावं लागेल."

"बोलते," ती म्हणाली. तिला बोलायचंच होतं.

दुर्गाने फोन वॉर्डात नेला आणि स्पीकर लावला. ट्रॉलीचा खडखडाट, कोणाचा तरी खोकला, भांडं पडल्याचा आवाज.

"भाऊ, ह्या मिरजेच्या बाई. तुमची बहीण म्हणून सांगून राहिल्या. ओळखता का?"

कितीतरी महिने पद्मजा हा आवाज ऐकत आली होती. आता जो आला तो तिच्या ओळखीचा नव्हता. जाड झालेला, दमलेला, आणि प्रत्येक वाक्याला तिकडची शेपटी.

"मिरजेत माझं कोणी नाही न."

"भरतेश," ती म्हणाली. "आक्का बोलतेय."

"तुमचं काहीतरी चुकलं असेल, बाई."

बाई. ती खुर्चीत नीट बसली. मशीनमधला भरतेश आज सकाळपर्यंत तिची वाट बघत होता.

"भाऊ, नुसतं हो म्हणा," दुर्गा मधे पडली. "हो म्हटलं का सही होते, उद्या झडप मिळते. मग काय भांडायचं ते भांडा."

"हो म्हटलं की राहता पत्ता जातो तिकडं," तो आवाज हळू म्हणाला. "मग म्हातारी निघेल गाडीत बसून. दोन दिवसांचा प्रवास. तिचे गुडघे…" तो थांबला. "ज्यांनी मारलं त्यांना काढू द्या न. मी कशाला नाती सांगू?"

"पण का?" पद्मजाने विचारलं. "एवढं तरी सांग. आम्ही काय केलं होतं?"

"काही नाही केलं. काही नाही केलं, म्हणून निघता आलं. एकच गोष्ट मागितली होती मी. एक ओळ लिहून मागितली होती."

"मी शोधलं नाही तुला. खरंच नाही शोधलं."

"मारलं तर खरं," तो म्हणाला. त्यात राग नव्हता. वजनकाट्यावरचा माणूस आकडा वाचून दाखवतो तसं. "फोन घ्या दीदी, दम लागतोय."

शेटेसाहेब दारात उभे होते. "घाबरलाय तो," ते म्हणाले. "सकाळी परत लाव. रात्रीत मन बदलतं."

"सकाळी परत नाही म्हणाला तर सर्जन जातील."

"समजावून सांगशील. धाकटा आहे तुझा."

पद्मजाला ते शक्य वाटत होतं. रडून, आईची शपथ घालून तिने त्याच्याकडून हो काढलं असतं. हे तिला जमतं, घरात सगळ्यांकडून सगळं तिने असंच काढलं होतं. ऑफिस वाचलं असतं, झडप मिळाली असती, पत्ता मिळाला असता. सगळे रकाने एकदम भरले असते. फक्त त्याने मागितलेली एक ओळ तेवढी खोडली गेली असती.

तिने जीवनपटाचा तो कोरा रकाना उघडला. 'मृत्यू घडलेला नाही,' तिने लिहिलं. 'सर्व नोंदी आमच्या प्रोग्रॅमच्या चाचणीतून गेल्या. चाचणीची पेटी बंद नव्हती. रुग्णाचं नाव आणि आवाज चाचणीला मी दिला.' खाली स्वतःचं नाव, हुद्दा. शेटेसाहेब तिच्या खुर्चीपर्यंत आले, आणि हात धरून थांबवता आलं असतं तिथे येऊन उभे राहिले. त्यांनी हात धरला नाही. त्या माणसाच्या जमेला ही एवढी एक गोष्ट मोठ्या अक्षरात लिहायला हवी. तिने बटण दाबलं.

चावी त्याच संध्याकाळी गेली.

दुसऱ्या दिवशी पद्मजा टेबल आवरत असताना दुर्गाचा फोन आला. झडप बसली. शुद्धीवर आले. "आता तुमचा नंबर काढून टाकते मॅडम. त्यांनी सांगितलंय. रागावू नका."

"नाही रागावत," पद्मजा म्हणाली.

मुजम्मिल मशीनपाशी बसून होता.

"ताई, सगळं पुसायला सांगितलंय. कारकून पुसला." तो चुळबुळला. "रुग्ण ठेवू का? बाहेरचे सगळे धागे तोडून. एका कोपऱ्यात पडून राहील, कोणाला त्रास नाही."

"सुरू केला तर तेच म्हणेल ना अजून? आक्का येणार आहे म्हणून?"

"तेच म्हणेल. त्याला दुसरं काय ठाऊक आहे?"

ती खिडकीबाहेर बघत राहिली. खाली औषधांची खोकी टेम्पोत चढत होती.

"पूस," ती म्हणाली, आणि मुजम्मिलने पुसून होईपर्यंत तिथेच उभी राहिली.

घरी आली तेव्हा ऊन अजून भिंतीवर होतं. आई दिवस मावळायच्या आत जेवणाऱ्यांतली. भाकऱ्या चालल्या होत्या.

"एवढ्या लवकर?"

"काम सुटलं माझं."

आईने परातीतलं पीठ थापता थापता विचारलं, "कशानं?"

"आमच्या मशीननं एका माणसाला मेलेला धरला होता. सारखा. चूक माझी होती."

"आन् तो?"

"जिवंत हाय," पद्मजा म्हणाली. ऑफिसातली भाषा दारातच गळून पडली होती.

आईने भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. "त्याच्या घरच्यास्नी कळवलंस का?"

"कळवू नका म्हणालाय."

तव्याखाली गॅस भणभणत होता. आई उलथनं हातात धरून उभी राहिली. भाकरीची कड काळी पडायला लागली, करपल्याचा वास सुटला, तरी तिने ती उलटली नाही.

"आजारी हाय?"

"होता. ऑपरेशन झालं. नीट झालं."

आईने गॅस बंद केला. करपलेली भाकरी बाजूला ठेवली, हात पुसले, आणि पदराचं टोक हातात तसंच राहिलं.

"मग मी काय इचारत न्हाई," ती म्हणाली. "तूबी सांगू नगंस. कुटं, कसं, काय बी नगं." थोड्या वेळाने तिने पाट ओढला आणि त्यावर बसली. "तू बोललीस त्येच्याशी?"

"बोलले."

"आवाज कसा हाय?"

पद्मजा तिच्यासमोर जमिनीवर बसली. "जाड झालाय," ती म्हणाली. "जरा बसलाय. आणि बोलताना शेवटी 'न' लावतो. कोणी नाही न. काढू द्या न. असं."

आईने तो 'न' ओठांतल्या ओठांत एकदा म्हणून बघितला, आणि मग परत एकदा, जरा मोठ्याने.